गाडी पळवायला कुणीही शिकतं, थांबवायला शिका : लर्निंग लायसनचे पहिले तीस दिवस

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं बोललो, तसंच बरंचसं ठेवलंय. वाचायला सोपं जावं म्हणून मधे मथळे टाकलेत.)

सुरुवातीलाच एक विनंती. तुम्ही आत्ता कानात इअरफोन घालून गाडी चालवत हा भाग ऐकत असाल, तर बाजूला घ्या, गाडी स्टँडवर लावा आणि मग ऐका. किंवा घरी जाऊन ऐका, भाग कुठे पळून जात नाही. आजचा विषयच गाडी शिकण्याचा आहे, म्हणून आधी हे सांगून टाकलं.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण छातीठोकपणे म्हणतो. पण आपल्याकडे बाईक शिकायची पद्धत काय आहे, सांगा बरं. दहावी-बारावीची सुट्टी लागते. घरात पप्पांची किंवा काकांची गाडी असते. दादा मागे बसतो आणि म्हणतो, "क्लच दाब, पहिला टाक, आता हळूहळू सोड... अरे हळूहळू म्हटलं ना!" गाडी दोन झटके खाते आणि बंद पडते. चार दिवसांनी ती बंद पडायची थांबते. पाचव्या दिवशी पोरगं जिंतूर रोडला दिसतं. झालं शिक्षण!

यात दादाची काही चूक नाही. त्यालाही असंच शिकवलेलं असतं. पण या सगळ्या शिकवणीत एक गोष्ट राहून जाते. गाडी निघते कशी, गिअर पडतो कसा, पळते कशी, हे सगळं शिकवलं जातं. थांबते कशी, हे कुणीच शिकवत नाही. "ब्रेक तो मागचा, पुढच्याला हात लावू नको, उलटशील," एवढं एकच वाक्य सांगितलं जातं आणि नेमकं तेच अर्धवट आहे. ते कसं, ते पुढे सांगतो.

आधी दोन आकडे

घाबरवायला सांगत नाही, पण माहीत असावेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे दर शंभरातली चव्वेचाळीस-पंचेचाळीस. आणि हेल्मेट न घातलेले किती? ५०,०२९. त्यातले १४,३३७ तर मागे बसलेले होते. म्हणजे गाडी त्यांच्या हातातही नव्हती.

यातलं सगळंच काही टाळता आलं नसतं. समोरचा चुकतो, रस्ता खराब असतो. पण दोन गोष्टी पूर्णपणे आपल्या हातात आहेत : डोक्यावर काय आहे आणि गाडी किती अंतरात थांबते. आजचा भाग याच दोन गोष्टींभोवती आहे.

लायसन : कुठलं, कधी, कसं

गिअरच्या गाडीसाठी वय १८ पूर्ण पाहिजे. आता तुम्ही म्हणाल, "सोळाव्या वर्षी पण मिळतं ना?" मिळतं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी, तेही पालकांच्या संमतीने. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या स्कूटी ११० नाहीतर १२५ सीसीच्या असतात. म्हणजे सोळाव्या वर्षीच्या त्या लायसनवर ट्यूशनला स्कूटी नेणं हेसुद्धा बेकायदेशीरच. हा गैरसमज घराघरांत आहे.

इलेक्ट्रिक स्कूटरचंही तेच. अगदी कमी ताकदीच्या, ताशी २५ किलोमीटरच्या पुढे न जाणाऱ्या गाड्यांना लायसन लागत नाही. त्यापेक्षा जोरात पळणारीला लागतं. बॅटरी आहे म्हणून सूट नाही.

आणखी एक. बिनगिअरचं लायसन काढलं असेल, तर त्यावर गिअरची गाडी चालवता येत नाही. त्यामुळे फॉर्म भरतानाच नीट बघून 'मोटारसायकल विथ गिअर' निवडा.

लर्निंग लायसनसाठी आता खेटे घालायची गरज उरलेली नाही. परिवहन विभागाच्या सारथी संकेतस्थळावर जायचं, आधार जोडायचं, फी भरायची आणि परीक्षा घरी बसून मोबाईलवर द्यायची. परीक्षा म्हणजे वाहतुकीच्या खुणा आणि नियमांवरचे पर्यायी प्रश्न. साठ टक्के बरोबर आले की पास. एक सांगतो, ही परीक्षा दुसऱ्याकडून देऊन घेऊ नका. चौकात ती खूण समोर येते, तेव्हा तो दुसरा तुमच्यासोबत नसतो.

लर्निंग लायसन सहा महिने चालतं. पण पक्क्या लायसनच्या टेस्टला किमान ३० दिवस झाल्याशिवाय बसता येत नाही. बहुतेक जण हे तीस दिवस म्हणजे नुसती तारखेची वाट बघणं समजतात. खरं तर कायद्याने तुम्हाला शिकायला दिलेला तो महिना आहे. आपण आज याच महिन्याचं वेळापत्रक करणार आहोत.

लर्निंगच्या काळातले नियम दोन. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' लावायचा. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौकोनी, म्हणजे लांबूनही दिसेल अशी. लाजायचं काही कारण नाही. तो एल बघून मागचा गाडीवाला थोडं अंतर ठेवतो, फायदा तुमचाच. दुसरा नियम : मागे बसवायचंच असेल तर फक्त शिकवणाऱ्याला आणि त्याच्याकडे त्या गाडीचं पक्कं लायसन पाहिजे. मित्राला बसवून "चल, एक चक्कर मारू" हे या महिन्यात बंद.

हे पप्पांना ऐकवा

अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवली आणि गुन्हा घडला, तर मोटार वाहन कायद्याचं १९९-ए हे कलम लागू होतं. २०१९ च्या दुरुस्तीत ते आलं. यात पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही.

पंचविशीपर्यंत! पोलीस भरती, डिलिव्हरीचं काम, कंपनीतली फिरतीची नोकरी... सगळीकडे लायसन मागतात. सोळाव्या वर्षीच्या एका चकरेची किंमत नऊ वर्षं. शिवाय लायसन नसलेल्याच्या हातून कुणाला इजा झाली, तर विमा कंपनी भरपाईचे पैसे गाडीमालकाकडून वसूल करू शकते. शेतकऱ्याच्या घरात असं प्रकरण आलं, तर जमीन विकायची वेळ येते. तेव्हा "दे ना पप्पा चावी" म्हणताना हे डोक्यात असू द्या.

डोक्यावर काय घालाल?

"उन्हात डोकं शिजतं राव!" हे मला मान्य आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ पर्यंत जातो. पण उपाय हेल्मेट काढणं हा नाही. आत पातळ सुती रुमाल बांधा, हवेची छिद्रं असलेलं हेल्मेट घ्या, सराव सकाळी सहा ते आठमध्ये करा.

घेताना तीन गोष्टी बघा. एक, आयएसआयचा शिक्का आणि त्यासोबत आयएस ४१५१ हा क्रमांक. १ जून २०२१ पासून देशात असं प्रमाणित हेल्मेटच विकायला परवानगी आहे. रस्त्याच्या कडेला टांगलेलं, टोपलीसारखं हलकं अर्धं हेल्मेट पोलिसांना दाखवायला चालत असेल, डांबराला चालत नाही. दोन, माप. घातल्यावर गालांना किंचित दाबलं पाहिजे, डोकं हलवल्यावर ते स्वतंत्र हलायला नको. तीन, पट्टा. हनुवटीखाली 'टक' असा आवाज आलाच पाहिजे. पट्टा न लावलेलं हेल्मेट धडकेच्या आधीच उडून जातं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका. वरून चांगलं दिसतं, पण आतला थर्माकोलसारखा थर दबलेला असतो आणि झटका शोषण्याचं काम तोच करतो.

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं. कायदा चार वर्षांवरच्या प्रत्येकाला सांगतो आणि न घातल्यास तीन महिने लायसन निलंबित करण्याची तरतूद आहे. पण कायदा राहू द्या. ते १४,३३७ आठवा.

बाकी? पायात चप्पल नको, बूट हवेत. अंगात पूर्ण बाह्यांचं, जाड कापडाचं काहीतरी. मैत्रिणींनो, ओढणी आणि स्कार्फची टोकं आत खोचा. मागे आई किंवा आजी बसणार असेल, तर साडी गार्ड आहे का बघा आणि पदर मांडीखाली घ्यायला सांगा.

निघण्याआधी एक मिनिट

चावी लावण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. टायरमधली हवा : किती हवी ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पंपावर आकडा सांगून भरा. चेन : खालच्या बाजूने बोटाने वर-खाली केली, तर साधारण दोन-तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. लोंबत असेल तर मेकॅनिककडे. दोन्ही ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, मागचा लाल दिवा. आरसे दोन्ही बाजूंना हवेत. "स्टाइल जाते" म्हणून आरसे काढणारे खूप दिसतात. मागून येणारा ट्रक बघायला स्टाइल उपयोगी पडत नाही.

आणि साईड स्टँड! नव्या गाड्यांत स्टँड खाली असला की इंजिन बंद पडतं. पण घरातली जुनी गाडी तशीच निघते. पहिल्या डाव्या वळणावर तो स्टँड रस्त्याला टेकतो आणि गाडी फेकली जाते. म्हणून बसल्यावर पहिलं काम, टाचेने चाचपून बघणं.

कागद मोबाईलमध्ये असले तरी चालतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन, आरसी, विमा कायद्याने ग्राह्य आहे. गॅलरीतला फोटो मात्र नाही.

पहिला आठवडा : क्लच

जागा कुठली? शाळेचं रिकामं मैदान किंवा गावाबाहेर नवीन प्लॉटिंग पडलंय तिथले मोकळे रस्ते. कृषी विद्यापीठाचे रस्ते झाडीचे आणि शांत दिसतात, म्हणून तिकडे जायचा मोह होतो. पण तिथे सकाळी म्हातारी माणसं फिरायला असतात. पहिल्या आठवड्यात तुमच्या आजूबाजूला माणूस नको.

पहिल्या दिवशी इंजिन बंद ठेवा. गाडी हाताने ढकलत न्या, वळवा, स्टँडवर लावा, उतरवा. तिचं वजन अंगाला कळू द्या. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का बघा. नसतील टेकत, तर शिकण्यासाठी दुसरी, ठेंगणी गाडी बघा.

गिअर कसे पडतात ते विचारून घ्या. काही गाड्यांत सगळे गिअर पुढे दाबून पडतात, काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर. मित्राची गाडी हातात घेतल्यावर घोटाळा इथेच होतो.

मग क्लच. क्लच म्हणजे इंजिन आणि चाक यांच्यातला हात. दाबला की हात सुटला, सोडला की धरला. मधे कुठेतरी अशी जागा येते, जिथे तो नुकता धरायला लागतो. आपण त्याला 'हाफ क्लच' म्हणतो. ती जागा डाव्या हाताला पाठ झाली की गाडी झटका खात नाही. सराव असा : पहिला गिअर टाका, रेस अजिबात देऊ नका, क्लच इतकाच सोडा की गाडी मुंगीसारखी सरकेल. लगेच पुन्हा दाबा, थांबा. असं पन्नास वेळा. कंटाळा येईल. येऊ द्या. चौकात रिक्षा आणि सायकलच्या मधे अडकाल, तेव्हा हेच कामाला येणार आहे.

दुसरा आठवडा : ब्रेक. हा आठवडा चुकवू नका

आता तो मघाचा मुद्दा. "पुढच्या ब्रेकला हात लावू नको."

एसटीत उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक दाबला की तुम्ही कुठे जाता? पुढे. गाडीचंही तसंच होतं. ब्रेक लागला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो. पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं, त्याची पकड वाढते. मागचं चाक हलकं होतं, त्याची पकड कमी होते. म्हणजे थांबवायची ताकद ज्या चाकात जास्त आहे, तेच आपण वापरत नाही. मागचाच ब्रेक जोरात दाबला की हलकं झालेलं मागचं चाक जाम होऊन घसरतं आणि गाडी आडवी फिरते. रस्त्यावर काळे वेडेवाकडे पट्टे दिसतात ना, ते हेच.

थोडं गणित करू. ताशी ४० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून हात-पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ११ मीटर संपले. मग कोरड्या चांगल्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट वापरले, तर आणखी साधारण १० मीटर. एकूण २१. फक्त मागचा वापरला तर ब्रेकचे ते १० मीटर जवळपास २० होतात. एकूण ३१. फरक दहा मीटरचा, म्हणजे जवळजवळ एका एसटी बसच्या लांबीएवढा. समोर रस्ता ओलांडणारं पोरगं त्या दहा मीटरमध्ये असेल, तर?

आता वेग ६० करा. एक सेकंद म्हणजे जवळपास १७ मीटर आणि दोन्ही ब्रेक नीट लावूनही पुढे साधारण २३. एकूण ४०. वेग दीडपट झाला, थांबायचं अंतर जवळपास दुप्पट झालं. हा ४० चा आकडा लक्षात ठेवा, रात्रीच्या गोष्टीत परत लागेल.

मग पुढच्या ब्रेकने माणसं पडतात ती का? कारण घाबरून तो एकदम आवळतात. भार पुढे यायच्या आधीच चाक जाम होतं. किंवा हँडल वळलेलं असताना, नाहीतर वाळूवर असताना दाबतात. म्हणून नियम असे : हँडल सरळ, दोन्ही ब्रेक एकत्र, आणि पुढचा ब्रेक लिंबू पिळतो तसा, आधी हलका, मग घट्ट. वाळू, चिखल, मुरूम असेल तर पुढचा अगदी हलका आणि वेग आधीच कमी.

सराव असा करा. मैदानात चुन्याची रेघ मारा. ताशी २० च्या वेगाने या, रेघेवर दोन्ही ब्रेक लावा, कुठे थांबलात तिथे दगड ठेवा. पुढच्या वेळी दगडाच्या अलीकडे थांबायचं. वीस वेळा करा. मग ३० च्या वेगाने. शेवटच्या क्षणी क्लच दाबा आणि डावा पाय टेकवा. आठवडाभरात दगड किती जवळ आला, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

१ एप्रिल २०१९ पासून नवीन गाड्यांत १२५ सीसीच्या वर एबीएस आणि त्याखाली सीबीएस सक्तीचं आहे. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. थोडाच. म्हणून उजव्या हाताचा सराव तरीही हवाच. आणि घरातली गाडी २०१९ च्या आधीची असेल, तर यातलं बहुधा काहीच नसणार. तिथे फक्त तुमचा हात.

तिसरा आठवडा : नजर आणि आठ

जिकडे नजर, तिकडे गाडी. खड्ड्याकडे बघत राहिलात की खड्ड्यातच जाल. खड्डा दिसला की नजर त्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेवर न्या. वळताना हनुवटी वळणाच्या शेवटाकडे करा. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात ब्रेक नको.

टेस्टला सहसा इंग्रजी आठ काढायला लावतात. आपला मराठी आठ नाही बरं का, दोन गोल जोडलेला. पाय न टेकवता. पोरं त्यात अडकतात, कारण ती चाकाकडे बघतात. मैदानात दोन विटा ठेवा, त्यांच्याभोवती आठ काढा. पहिला गिअर, हाफ क्लच, मागच्या ब्रेकवर किंचित पाय, नजर पुढच्या विटेकडे. इतक्या कमी वेगात मात्र पुढचा ब्रेक नको. तो मागच्या आठवड्याचा नियम सरळ थांबण्याचा होता, हा वळत सरकण्याचा आहे.

इंडिकेटर, आरसा, मग उजव्या खांद्यावरून एक नजर, मग वळण. हा क्रम बोलत बोलत करा. वळून झाल्यावर इंडिकेटर बंद. नाहीतर मागचा बिचारा दोन किलोमीटर तुमच्या वळायची वाट बघतो.

चौथा आठवडा : रस्ता

आता शिकवणाऱ्याला मागे बसवून रस्त्यावर. पण थेट स्टेशन रोडच्या गर्दीत नको. रविवारी सकाळी, रिकाम्या रस्त्याने सुरुवात करा. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा. कसं मोजायचं? पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणा. तिसऱ्याच्या आधी तुम्ही खांबापाशी पोचलात, तर फार जवळ आहात.

रिक्षा दिसली की समजा ती आत्ता थांबणार. उभी एसटी दिसली की समजा तिच्यापुढून माणूस येणार. उभी कार दिसली की समजा दार उघडणार. ट्रकचा आरसा तुम्हाला दिसत नसेल, तर ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. डावीकडून घुसून ओव्हरटेक नाहीच.

आणि दिवसा कुणी हाताने "लाईट चालू आहे" अशी खूण केली, तर हसून मान हलवा. १ एप्रिल २०१७ पासून नवीन दुचाक्यांचा लाईट इंजिन चालू असेपर्यंत चालूच राहतो, तुम्ही दिसावं म्हणून.

आपल्या जिल्ह्याचे खास धोके

काळी माती. आपलं सोनं तीच आणि पावसाळ्यात रस्त्यावरचं संकटही तीच. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून ती डांबरावर येते आणि पहिला शिडकावा झाला की साबणासारखी होते. शेताची वाट रस्त्याला मिळते तिथे वेग आधीच कमी करा, हँडल सरळ ठेवा, ब्रेक हलका.

ऊस. कारखाने सुरू झाले की दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गंगाखेड, पाथरी, मानवत सगळीकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात. अनेकांच्या मागे ना दिवा, ना रेडियम. आता तो ४० चा आकडा आठवा. डिपरवर हेडलाईटमध्ये साधारण ३०-४० मीटरच नीट दिसतं. ६० च्या वेगाने थांबायला ४० मीटर लागतात. म्हणजे बंद पडलेली ट्रॉली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ब्रेक कितीही चांगला असो, हे गणित बदलत नाही. म्हणून रात्री ४० च्या पुढे नाही. आणि लायसन मिळाल्यावरही पहिले काही महिने कल्याण-निर्मल महामार्गावर रात्री जाऊच नका.

रेल्वेचे रूळ. आडवे-तिरपे ओलांडले की चाक खाचेत अडकतं, पावसात लोखंड घसरतं. सरळ काटकोनात, हळू आणि रुळावर ब्रेक न लावता ओलांडा.

थंडी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. बोटं गारठली की ब्रेक उशिरा दाबला जातो. हातमोजे घाला. धुकं असेल तर अर्धा तास उशिरा निघा.

मोबाईल आणि ट्रिपल सीट

फोन वाजला तर वाजू द्या. हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलणं म्हणजे एक कान आणि अर्धं लक्ष गेलं. चालवताना फोन हातात धरणं कायद्यात धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. रस्ता दाखवणारा नकाशा लावायचा असेल तर निघण्याआधी लावा.

ट्रिपल सीट : चालवणारा आणि मागे एकच, असा कायदा आहे. पण कारण समजून घ्या. तिसरा बसला की वजन वाढतं, मागचा भार चाकाच्याही मागे जातो, पुढचं चाक हलकं होतं, हँडल डगमगतं आणि थांबायचं अंतर वाढतं. आठवडाभर चुन्याच्या रेघेवर कमावलेलं सगळं एका मित्रापायी जातं. "तू रिक्षाने ये, पैसे मी देतो" म्हणा. स्वस्तात पडतं.

काही झालंच तर

१०८ ला फोन करा, ॲम्ब्युलन्स येते, पैसे लागत नाहीत. पोलिसांसाठी ११२. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका, मान वाकडी करू नका, पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा. "मदत केली तर पोलीस आपल्यालाच अडकवतील" ही भीती सोडा. २०१९ च्या दुरुस्तीतल्या १३४-ए कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. स्वतःचं नाव सांगायचीही सक्ती त्याच्यावर नाही.

जाता जाता

तीस दिवसांनी टेस्टला जाल, तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारा. मी ३० च्या वेगातून दोन्ही ब्रेक लावून गाडी सरळ थांबवू शकतो का? पाय न टेकवता आठ काढू शकते का? मित्राने चिडवलं तरी वेग कमी ठेवू शकतो का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर जा. एकाचं जरी 'नाही' असेल, तर लर्निंग सहा महिने चालतं. आणखी आठ दिवस सराव करा, कुणाच्या बापाचं काही जात नाही.

आणि पुढच्या सुट्टीत घरातलं धाकटं भावंड "शिकव ना" म्हणत येईलच. अठरा पूर्ण झालेत का आणि लर्निंग काढलंय का, ते आधी बघा. मग पहिल्यांदा क्लच शिकवा, पण चुन्याची रेघ मारायला विसरू नका.

हा भाग त्या एका मित्राला पाठवा, ज्याच्या गाडीला आरसे नाहीत. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत सावकाश जा, पट्टा लावा.